फिल्टरला हुकूम कुठल्या तारेने द्यायचा: घरी बांधलेल्या २० वॅट एसडीआरचा प्रकरण अभ्यास

एसडीआर म्हणजे सिग्नलचे बरेचसे काम सॉफ्टवेअरने करणारा रेडिओ. हा रेडिओ असा आहे. रास्पबेरी पाय ४ (पुढे नुसता 'पाय') या छोट्या संगणकावर सगळे सॉफ्टवेअर, आय२एस या ध्वनीच्या डिजिटल जोडणीवर ऑडिओ कोडेक, लोकल ऑसिलेटरला (ट्यूनिंगची फ्रिक्वेन्सी तयार करायला) एसआय५३५१ चिप, टेलो पद्धतीचे क्वाड्रेचर मिक्सर, आणि शेवटी दोन मॉस्फेटचा पुश-पुल पॉवर अँप्लिफायर. पुरवठा १३.८ व्होल्ट, आउटपुट २० वॅट. बँड आठ: ८०, ४०, ३०, २०, १७, १५, १२ आणि १० मीटर.

लो-पास फिल्टर ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचे सारे अडवतो आणि हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत निघणारे नको असलेले सिग्नल, रोखतो. आठ बँडना आठ लो-पास फिल्टर लागत नाहीत. ३० मीटरचा दुसरा हार्मोनिक २०.२ मेगाहर्ट्झवर पडतो, म्हणून १६ मेगाहर्ट्झच्या आसपास कापणारा एकच फिल्टर ३० आणि २० मीटर दोन्ही सांभाळतो. याच हिशोबाने १७ आणि १५ ची जोडी जमते, १२ आणि १० ची जमते. ८० आणि ४० मात्र एकेकटे राहतात, कारण ३.५ चा दुसरा हार्मोनिक नेमका ७ मेगाहर्ट्झवर येतो. म्हणजे पाच लो-पास. रिसीव्हरच्या तोंडाशी त्याच गटांचे पाच बँड-पास (फक्त आपला पट्टा आत सोडणारे फिल्टर), एक सरळ वाट, सिग्नल दाबणारा एक अ‍ॅटेन्युएटर आणि वाढवणारा एक प्रीअँप. एकूण १३ गोष्टी चालू-बंद करायच्या आहेत.

या १३ गोष्टींपर्यंत हुकूम कसा पोहोचवायचा, हा या प्रकरणाचा विषय. आय२सी आणि एसपीआय या दोन बस, म्हणजे चिपना मोजक्या तारांनी जोडण्याच्या पद्धती. बहुतेक चर्चा 'आय२सी बरे की एसपीआय' इथेच सुरू होते आणि तिथेच संपते. पण बस निवडण्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. चुकीचा फिल्टर लागला तर काय होते? आणि तो चुकीचा लागला आहे हे कुणाला कळते?

दोन चुका, दोन वेगळे परिणाम

पहिली चूक: २८ मेगाहर्ट्झवर ट्रान्समिट करताना ८० मीटरचा फिल्टर लागलेला आहे. जवळजवळ सगळी शक्ती परत फिरते, मॉस्फेट तापतात, संरक्षण नसेल तर जातात. नुकसान मोठे, पण ही चूक आवाज करते. अँप्लिफायर आणि फिल्टर यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर ब्रिज (परत फिरणाऱ्या शक्तीचे प्रमाण, एसडब्ल्यूआर, मोजणारा) ठेवला की ती लगेच पकडता येते. ब्रिजची ही जागा महत्त्वाची आहे. नेहमीचा ब्रिज फिल्टरनंतर, अँटेनाच्या बाजूला असतो आणि त्याला या चुकीत फक्त 'पॉवर कमी' एवढेच दिसते.

दुसरी चूक उलटी: ७ मेगाहर्ट्झवर ट्रान्समिट चालू आहे आणि फिल्टर १० मीटरचा. अँप्लिफायर खूश, ब्रिज खूश, वॅटमीटरवर पूर्ण पॉवर. आणि अँटेनातून १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर हार्मोनिक बाहेर चालले आहेत. पुश-पुलमध्ये दुसरा हार्मोनिक बराच दबतो, पण तिसरा मूळ सिग्नलच्या १० ते १५ डेसिबल खालीच असतो. अमेरिकेच्या नियमांत ३० मेगाहर्ट्झखालच्या हौशी ट्रान्समीटरला ४३ डेसिबल खाली असण्याची अट आहे. ती इथे सपशेल मोडते, आणि रेडिओवरचा एकही काटा हलत नाही.

म्हणून एकटा ब्रिज पुरत नाही. कोणता फिल्टर खरोखर लागला आहे हे परत वाचता आलेच पाहिजे. ही एक अट मान्य केली की पुढच्या पर्यायांची चाळणी आपोआप होते.

समोर असलेले पर्याय

*पायच्या जीपीआयओ पिन थेट यूएलएन२८०३ ला.* सर्वांत साधे. जीपीआयओ म्हणजे प्रोग्रॅमने वर-खाली करता येणाऱ्या पिन; यूएलएन२८०३ ही रिलेच्या (चुंबकाने हलणाऱ्या स्विचच्या) कॉइलना करंट पुरवणारी चिप. हैदराबादचे रेडिओ-रचनाकार अश्हर फरहान यांच्या मायक्रोबिटएक्स या ट्रान्सीव्हरमध्ये आर्डुइनो नॅनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या तीन पिन चार लो-पास फिल्टर बदलतात, आणि त्यांच्याच एसबिटएक्स या एसडीआरमध्ये पायच्या चार पिन चार फिल्टर चालवतात. एवढ्या संख्येला ही पद्धत उत्तम. तारेवर घड्याळ नाही, गोंगाट नाही, प्रोग्रॅमच्या दोन ओळी. ३.३ व्होल्टचे लॉजिक यूएलएन२८०३ ला पुरते; डेटाशीटप्रमाणे २.४ व्होल्टला २०० मिलीअँपिअर ओढण्याची हमी आहे. इथे मात्र १३ तारा होतात. कोडेक, एन्कोडर, बटणे आणि डिस्प्ले यांनी पायच्या पिन आधीच खाल्लेल्या असतात. आणि पायच्या डिजिटल गोंगाटाने भरलेल्या तेरा तारा रिसीव्हरच्या कप्प्यात नेणे म्हणजे प्रत्येकीला वेगळा आरसी फिल्टर.

*आय२सी वर एमसीपी२३०१७.* ही पिनांची संख्या वाढवणारी चिप: सोळा पिन, दोन तारा, पत्ता हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) २० ते २७. एसआय५३५१ त्याच बसवर हेक्स ६० वर बसलेला आहे, पायवर १.८ किलो-ओहमचे पुल-अप (रेषा वर ओढून ठेवणारे रोधक) आधीच आहेत, म्हणजे वायरिंग जवळजवळ फुकट. हर्मीस-लाइट २ या एसडीआरसोबत वापरला जाणारा एन२एडीआर फिल्टर बोर्डही याच कुळातला आहे: हेक्स २० वर एमसीपी२३००८, सात बिट, त्यातले सहा लो-पासचे आणि सातवा रिसीव्हच्या ३ मेगाहर्ट्झ हाय-पासचा. ४० मीटरला १०००१००, २० मीटरला १००१०००. पाच वॅटच्या त्या रेडिओत ही रचना चांगली चालते, आणि ज्यांच्याकडे हर्मीस-लाइट आहे त्यांनी दुसरे काही शोधू नये.

या रेडिओत ती का नको? बस सामायिक आहे म्हणून. ट्यूनिंगचा नॉब फिरला की एसआय५३५१ ला लिहिले जाते. फिल्टरकडच्या तारेवर आरएफ शिरून एखादी चिप बाइटच्या मध्येच अडकली, तर ती एसडीए (डेटाची तार) खाली धरून बसते आणि रेडिओ ट्यूनही होत नाही. उपाय माहीत आहे: एससीएल (घड्याळाची तार) वर नऊ ठोके देऊन चिप सोडवायची. पण तो कोड लिहावा लागतो आणि त्याची चाचणी घ्यावी लागते. दुसरी अडचण जास्त चोरटी. पुरवठ्यात क्षणभर खड्डा पडून एमसीपी२३०१७ रिसेट झाली, तर तिचे पिनांची दिशा ठरवणारे आयओडीआयआर रजिस्टर परत हेक्स एफएफ होते, म्हणजे सर्व पिन इनपुट आणि सर्व रिले बंद. पुढच्या लिखाणाला ती शहाण्यासारखी होकार देत राहते. त्या होकाराचा अर्थ 'बाइट मिळाला' एवढाच असतो, 'रिले ओढली' असा नसतो.

स्वस्त म्हणून पीसीएफ८५७४ ही तशीच चिप घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. पॉवर येताच तिच्या सर्व पिन वर जातात, पण फक्त १०० मायक्रोअँपिअरच्या आसपासच्या दुबळ्या करंटने. यूएलएनच्या आतले रोधकच जवळजवळ तेवढा करंट पितात. त्यामुळे यूएलएनमधली डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर-जोडी धड बंदही नाही आणि धड चालूही नाही. रिले कधी ओढतात, कधी थरथरतात, आणि चिपच्या बॅचप्रमाणे वागणूक बदलते.

*यूएसबीवर वेगळा नॅनो, हॅमलिबकडून कॅट आज्ञा घेणारा.* हॅमलिब ही रेडिओ चालवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी, कॅट म्हणजे संगणक आणि रेडिओ यांच्यातल्या आज्ञा. पोर्ट उघडताच डीटीआर या सिरीयल रेषेमुळे नॅनो रिसेट होतो आणि बूटलोडर संपेपर्यंत पिन अधांतरी राहतात. तयार रेडिओला बाहेरून फिल्टर जोडायचा असेल तर ठीक. इथे फ्रिक्वेन्सी पायला माहीतच आहे, ती दुसऱ्या प्रोसेसरला सांगत बसण्यात अर्थ नाही.

*ट्रान्समिटची फ्रिक्वेन्सी मोजून आपोआप फिल्टर.* मोजण्यासाठी आधी आरएफ यावे लागते. म्हणजे रिले गरम संपर्कावर बदलतात. बाद.

*७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर.* हे एका तारेवरून आलेले आठ बिट आठ पिनांवर मांडते. निवड याची झाली, पण एकट्याची नव्हे.

निवडलेली रचना

पहिला निर्णय: तेरा बिट पाठवायचेच नाहीत. लो-पाससाठी तीन बिटांचा कोड, बँड-पाससाठी तीन बिटांचा कोड, एक अ‍ॅटेन्युएटर, एक प्रीअँप. आठ बिट, एकच ५९५. कोडचे रूपांतर ७४एचसी२३८ करते. ही ७४एचसी१३८ चीच बहीण, फक्त आउटपुट वर जाणारे. फायदा केवळ बिट वाचण्याचा नाही. २३८ च्या आउटपुटपैकी एका वेळी एकच वर असू शकते, त्यामुळे प्रोग्रॅम कितीही चुकला तरी दोन लो-पास समांतर लागू शकत नाहीत. शून्य कोडचे आउटपुट मोकळे सोडले आहे: शून्य म्हणजे एकही फिल्टर नाही. २३८ न मिळाल्यास १३८ आणि पुढे ७४एचसी०४ चे इन्व्हर्टर चालतात.

बिटांची मांडणी: ० ते २ लो-पास, ३ ते ५ बँड-पास, ६ अ‍ॅटेन्युएटर, ७ प्रीअँप. ८० मीटरला हेक्स ०९, ४० ला १२, ३० आणि २० ला १बी, १७ आणि १५ ला २४, १२ आणि १० ला २डी. ४० मीटरवर अ‍ॅटेन्युएटर लावला की ५२. बँड-पासचा कोड ६ म्हणजे सरळ वाट, विस्तृत स्पेक्ट्रम पाहण्यासाठी. दोन्ही कोड वेगळे ठेवले ते याच्यासाठी.

दुसरा निर्णय: अँप्लिफायरच्या कप्प्यात एकही लॉजिक चिप नाही. ५९५, दोन्ही २३८ आणि दोन्ही यूएलएन२८०३ रिसीव्हरच्या बाजूच्या बोर्डवर. भिंतीतून आत जातात त्या फक्त पाच कॉइलच्या तारा आणि त्यांचा पुरवठा, प्रत्येकी १ नॅनोफॅरडच्या फीडथ्रू कपॅसिटरमधून आणि आतल्या बाजूला फेराइट मणी घालून. लॉजिकची तार आरएफने फसते. १२ व्होल्टची कॉइल फसत नाही.

तिसरा निर्णय म्हणजे परत वाचणे. पाच लो-पास कॉइलच्या यूएलएनकडच्या टोकांवरून ४७ किलो-ओहम आणि १२ किलो-ओहमचे विभाजक लावून त्या रेषा ७४एचसी१६५ च्या ए ते ई इनपुटला दिल्या आहेत; ही चिप ५९५ च्या उलट, आठ पिनांची अवस्था वाचून एका तारेवर पाठवते. रिले बंद असताना १३.८ व्होल्टचे २.८ व्होल्ट होतात, म्हणजे १. रिले ओढलेली असताना जवळजवळ शून्य. एफ आणि जी जमिनीला, एच ३.३ व्होल्टला. त्यामुळे अपेक्षित बाइट ठरलेला असतो: एकही फिल्टर नसताना हेक्स ९एफ, मग पाच फिल्टरना क्रमाने ९ई, ९डी, ९बी, ९७ आणि ८एफ.

एवढ्याशा चिपने किती काय पकडले जाते ते पाहा. रिबन (पायकडे जाणारी पट्टी-केबल) तुटली तर परतीच्या रेषेवरच्या पुल-अपमुळे एफएफ वाचले जाते, जमिनीला चिकटली तर ००, आणि दोन्ही यादीत नाहीत. कॉइलचा पुरवठा गेला तर पाचही बिट शून्य. निवड नसलेल्या फिल्टरची कॉइलची तार भिंतीपाशी तुटली, तर विभाजक ती रेषा खाली ओढतो आणि नको तिथे शून्य दिसते. म्हणजे तो फिल्टर वापरायची वेळ येण्याआधीच दोष कळतो. जे कळत नाही तेही सांगितले पाहिजे: प्रत्येक फिल्टरच्या दोन रिले कॉइल समांतर आहेत, त्यातली एकच तुटली तर १६५ ला पत्ता लागत नाही. चिकटून बसलेला संपर्कही तिला दिसत नाही. यातले जे पहिल्या प्रकारच्या चुकीत मोडते ते ब्रिज पकडतो.

जोडणी, पिनसकट

पायचा एसपीआय० वापरला आहे: जीपीआयओ १० मॉसी (पायकडून जाणारा डेटा), ११ घड्याळ, ९ मिसो (परत येणारा डेटा), ८ सीई० (चिप निवडणारी रेषा). हेडरवर पिन १९, २३, २१ आणि २४. सीई० ५९५ च्या लॅचला, पिन १२ ला. बाइट संपताच सीई० वर जातो आणि त्याच कडेवर आउटपुट बदलतात. वेगळी लॅचची तार नको.

पायकडून येणाऱ्या तिन्ही रेषांवर ४७० ओहम आणि १ नॅनोफॅरड, म्हणजे ३४० किलोहर्ट्झच्या आसपासचा कट. पायचा गोंगाट रिसीव्हरच्या कप्प्यात शिरू नये म्हणून तो हवाच. पण इथे एक हमखास होणारी चूक आहे. ५९५ च्या घड्याळाच्या पिनला अशा संथ चढणाऱ्या कडा मानवत नाहीत. एका ठोक्याचे दोन ठोके मोजले जातात आणि कोड एक घर सरकतो. लक्षण असे दिसते: बहुतेक वेळा सगळे ठीक, मधूनच भलताच फिल्टर. म्हणून आरसीनंतर एक ७४एचसी१४ बसवली आहे. तिच्या सहा श्मिट गेटपैकी प्रत्येक रेषेला दोन, एकामागे एक. उलट-सुलट होऊन सिग्नल सरळ आणि कडा तीक्ष्ण. सीई० च्या दोन गेटच्या मधल्या बिंदूवर उलटा सीई० आयताच मिळतो, तो १६५ च्या पिन १ ला जातो. एरवी तो खाली असल्याने १६५ सतत कॉइल पाहत राहते. बाइट सुरू होताच तो वर जातो आणि त्या क्षणीचे चित्र गोठून बाहेर सरकू लागते. १६५ ची पिन १५ जमिनीला, पिन ९ वरून ४७० ओहममधून मिसो.

वेग ५० किलोहर्ट्झ, मोड ०. आठ बिटांना १६० मायक्रोसेकंद लागतात, त्याहून घाई कशाला?

सगळे लॉजिक ३.३ व्होल्टवरच चालवले आहे. एचसी चिपला ५ व्होल्ट दिले की तिला 'एक' समजायला ३.५ व्होल्ट लागतात आणि पाय तेवढे देत नाही. याच कारणाने टीपीआयसी६बी५९५ नाकारली. ती स्वतःच रिले चालवू शकते, यूएलएनची गरज संपते. पण तिला ५ व्होल्टवर ४.२५ व्होल्टचा 'एक' हवा असतो. टेबलावर ३.३ व्होल्टने ती चालतेही, पण डेटाशीट तशी हमी देत नाही.

सुरुवातीच्या अवस्थेची काळजी वेगळी घ्यावी लागते, कारण पॉवर येताना ५९५ मध्ये काय असेल ते सांगता येत नाही. तिची पिन १३, आउटपुट एनेबल, १० किलो-ओहमने वर ओढली आहे आणि जीपीआयओ ६ ला जोडली आहे. पायच्या जीपीआयओ ० ते ८ रिसेटनंतर आतल्या पुल-अपवर असतात, ९ ते २७ पुल-डाउनवर. म्हणून इथे ६ निवडला. २३८ च्या इनपुटना आणि बिट ६ व ७ च्या रेषांना १० किलो-ओहम जमिनीकडे. पाय बूट होत असताना कोड शून्य आणि सर्व रिले शांत. प्रोग्रॅम आधी बाइट लिहितो, मगच जीपीआयओ ६ खाली करतो. ५९५ ची पिन १० विसरून अधांतरी ठेवू नये, ती ३.३ व्होल्टला.

ट्रान्समिटची परवानगी

पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) थेट बायसला, म्हणजे मॉस्फेटना जागे करणाऱ्या व्होल्टेजला, जात नाही. मध्ये ७४एचसी१२३ ही प्रत्येक ठोक्यानंतर ठरावीक वेळ वर राहणारी चिप आहे, २२० किलो-ओहम आणि १ मायक्रोफॅरड लावून, म्हणजे सुमारे ०.१ सेकंदाची. जीपीआयओ १७ वरून दर २० मिलिसेकंदांनी ठोका आला तरच तिचे आउटपुट वर टिकते. पीटीटी आणि हे आउटपुट, दोन्ही असतील तरच अँप्लिफायरला बायस मिळतो. ठोका कोणी द्यायचा यात खरी गंमत आहे: वेगळ्या टायमरने नव्हे, तर १६५ चा बाइट वाचून, जुळवून, जुळला तरच पुढे जाणाऱ्या त्याच लूपने. प्रोग्रॅम लटकला, केबल निघाली किंवा रिले सुटली, तर तिन्हींचा शेवट एकच होतो: ०.१ सेकंदात बायस बंद.

हे वाचन फक्त ट्रान्समिट चालू असतानाच करायचे. रिसीव्ह करताना बस पूर्ण गप्प. 'सुरक्षितता' म्हणून फिल्टरचा बाइट दर सेकंदाला पुन्हा लिहिणारे प्रोग्रॅम असतात. वॉटरफॉलवर (स्पेक्ट्रमच्या सरकत्या चित्रावर) दर सेकंदाला एक आडवी रेघ उमटते आणि लोक तिचे मूळ पॉवर सप्लायमध्ये शोधत बसतात.

बँड बदलण्याचा क्रम: पीटीटी सोडा, १० मिलिसेकंद थांबा, बाइट लिहा, २० मिलिसेकंद थांबा, तोच बाइट पुन्हा लिहा आणि परत आलेला बाइट तपासा. दुसऱ्या लिखाणात आउटपुट बदलत नाहीत, त्यामुळे रिले हलत नाहीत. परत येणारे चित्र नेहमी लिखाणाच्या आधीचे असते, म्हणून दोनदा लिहिणे गरजेचे आहे. पहिल्याच वाचनावर विश्वास ठेवला तर प्रोग्रॅम जुन्या बँडची अवस्था तपासत राहतो.

फिल्टरचा कोड कशावरून ठरवायचा? बँडच्या नावावरून नाही आणि एसआय५३५१ च्या आकड्यावरूनही नाही. एसडीआरमध्ये लोकल ऑसिलेटर ऐकण्याच्या जागेपासून काही किलोहर्ट्झ सरकवलेला असतो. काही मिक्सरमध्ये तो चौपट असतो. जी फ्रिक्वेन्सी अँटेनातून बाहेर जाणार, तीच घ्यायची: ४.० मेगाहर्ट्झखाली १, ७.५ खाली २, १४.५ खाली ३, २१.६ खाली ४, ३० खाली ५. ट्रान्समिटची मुभा देणारी सीमा याहून वेगळी ठेवावी, स्वतःच्या देशाच्या बँडप्रमाणे. भारतात ४० मीटर ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. स्प्लिट (ऐकणे एका, बोलणे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर) चालू असेल तर रिसीव्हला रिसीव्हची आणि पीटीटी दाबताच ट्रान्समिटची फ्रिक्वेन्सी. दोन्ही एकाच गटात असतील तर रिले हलतच नाहीत. वेगळ्या गटांत असतील तर ट्रान्समिट सुरू व्हायला २० मिलिसेकंद जास्त लागतात, आणि ते सोसायचे.

रिले

इंटरफेस कितीही चांगला असला तरी शेवटी संपर्क हलतो तो कॉइलने. ५ व्होल्टच्या कॉइल घेऊ नयेत. यूएलएनवर ०.९ व्होल्ट पडतात, कॉइलला ४.१ उरतात. रिले ७५ टक्क्यांना, ३.७५ व्होल्टला ओढते, म्हणजे टेबलावर सर्व ठीक. पण तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. बंद डब्यात कॉइल २० वरून ६० अंशांवर गेली की ओढण्याचा व्होल्टेज सुमारे ४.३५ होतो. अर्ध्या तासाने रिले ओढेनाशी होते आणि दोष 'सॉफ्टवेअरचा' वाटतो. १२ व्होल्टच्या कॉइलला १३.८ मधून १२.९ मिळतात. पॅनासॉनिकच्या टीएक्स२ जातीची १२ व्होल्टची कॉइल ११.७ मिलीअँपिअर घेते. दोन मिळून २३.४, यूएलएनला ते काहीच नाही. यूएलएनची कॉम पिन कॉइलच्या पुरवठ्याला जोडायची; ती मोकळी राहिली तर रिले सुटतानाचा झटका डायोडला वाटच मिळत नाही म्हणून ट्रान्झिस्टर खातो.

संपर्काचा करंट: २० वॅटला ५० ओहमवर ०.६३ अँपिअर. एसडब्ल्यूआर ३ असेल तर १.१ पर्यंत. १ अँपिअरच्या बारीक रिले इथे काठावर आहेत, २ अँपिअरच्या घ्याव्यात.

एकाच डीपीडीटी (दोन संपर्कसंच एकत्र हलवणाऱ्या) रिलेच्या दोन ध्रुवांवर फिल्टरचे इनपुट आणि आउटपुट बसवण्याचा मोह टाळावा. दोन संपर्कसंचांमध्ये १ पिकोफॅरड धरला तरी ५६ मेगाहर्ट्झला त्याचा रोध २८४० ओहम होतो, म्हणजे ५० ओहमच्या साखळीत ही चोरवाट फक्त २९ डेसिबलची. फिल्टर ६० डेसिबलचा बांधला तरी हार्मोनिक शेजारून निघून जातो. मायक्रोबिटएक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये रिलेपाशी हीच अडचण होती आणि पाचव्या आवृत्तीत मांडणी बदलली गेली. म्हणून इथे दोन रिले: एक फिल्टरच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मध्ये फिल्टरची पूर्ण लांबी.

चाचणी, याच क्रमाने

अँप्लिफायरचा पुरवठा काढून ठेवा. पाय वीस वेळा चालू-बंद करा. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी एकही रिले टिकटिकता कामा नये. मग पाचही कोड लिहून यूएलएनच्या आउटपुटवर मीटर लावा: निवडलेल्या रेषेवर सुमारे ०.८ व्होल्ट, बाकी पुरवठ्याइतके. १६५ चा बाइट यादीशी जुळवा.

रिबन काढा. ट्रान्समिट नाकारले गेले पाहिजे. कॉइलचा फ्यूज काढा, पुन्हा तेच. प्रोग्रॅम किल करा आणि ०.१ सेकंदात बायस पडतो का ते स्कोपवर पाहा. या तीन चाचण्यांआधी मॉस्फेटला पुरवठा देऊ नये.

नॅनोव्हीएनएने (फिल्टर किती अडवतो ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने) प्रत्येक लो-पास रिलेसकट मोजा, सुटा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या हार्मोनिकवरचे आकडे लिहून ठेवा. सुटा मोजताना मिळालेली क्षीणता बोर्डवर १० डेसिबलहून जास्त घसरली असेल तर चोरवाट रिलेत किंवा जमिनीच्या तांब्यात आहे. कॉइल पुन्हा गुंडाळून उपयोग नाही.

डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रोधकावर) आधी १ वॅट, मग २०; प्रत्येक बँडवर ३० सेकंद. ब्रिजची सीमा इथेच लावायची. ब्रिज फिल्टरच्या आधी असल्याने बरोबर फिल्टर असतानाही थोडी परतशक्ती दिसते, कारण अँप्लिफायरचे हार्मोनिक फिल्टरवरून परत येतात. तिसरा हार्मोनिक १२ डेसिबल खाली असेल तर ब्रिजवर एसडब्ल्यूआर १.७ च्या आसपास दिसेल, आणि ते योग्यच आहे. सीमा ३ वर ठेवा. २ वर ठेवली तर निर्दोष रेडिओही अधूनमधून बंद पडेल. शेवटी १०० मिलीवॅटवर मुद्दाम २८ मेगाहर्ट्झ आणि ८० मीटरचा फिल्टर लावून ब्रिज बायस पाडतो हे पाहा. आणि ७ मेगाहर्ट्झवर मुद्दाम ५ चा कोड लिहून पाहा की ब्रिज काहीच बोलत नाही, पण १६५ चा बाइट ८एफ आल्यामुळे ठोका थांबतो.

पुढे मोठा अँप्लिफायर जोडायचा झाला तर ५९५ ची पिन ९ दुसऱ्या ५९५ च्या पिन १४ ला द्यावी आणि दोन बाइट पाठवावेत, आधी दुसऱ्या चिपचा, मग पहिलीचा. परत येणाऱ्या बाइटपैकी पहिलाच १६५ चा असतो, दुसरा सोडून द्यायचा. चार बिटांवर याएसू या रेडिओ कंपनीचा, बँड कोणता ते सांगणारा बीसीडी कोड बसतो: १६० मीटरला १, ८० ला २, ४० ला ३, ३० ला ४, आणि असेच पुढे १० मीटरला ९. या चार रेषा डब्याबाहेर जाणार, म्हणून प्रत्येकीला १ किलो-ओहम, १० नॅनोफॅरड आणि जमिनीकडे एक झेनर. १२३ चे आउटपुटही त्याच सॉकेटवर पाचव्या पिनला काढून ठेवावे, म्हणजे आतला ठोका थांबला की बाहेरचा अँप्लिफायरही त्याच क्षणी बसतो.